राखणीचा टू-एटी-सिक्स

आमचे दाजी कॉम्प्युटरचे दात बघायचे. नवं मशीन दारात आलं की खोक्याची दोरी धड सुटायच्या आत पायजम्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर बाहेर यायचा. पत्र्याचं झाकण उतरवायचं, आतली कार्डं एकेक उपसायची, त्यांच्या कडेची सोनेरी दातरी उन्हाकडं धरून पाहायची आणि शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं घासायची. मग मशीन चालू करून कॅबिनेटला कान लावायचा. हार्डडिस्क फिरू लागली की डोळे मिटायचे. "चाल चांगली हाय," असं म्हणाले तर ते मशीन घरात. नाहीतर विकणाऱ्यानं कितीही शपथा घेतलेल्या असोत, खोकं परत हैदराबादच्या गाडीत. दाजींचं गाव देवणीकडचं. त्यांच्या वडिलांची बैलांची पारख चार गावांत प्रसिद्ध होती, आणि ती जशीच्या तशी मुलाच्या हातात उतरली होती. फक्त जनावर बदललं होतं.

हे आता आठवायचं कारण माझी नात सई. ती पुण्यात अकरावीला आहे. तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला एका बाजूनं काच आहे आणि आत निळे-जांभळे दिवे लुकलुकतात. परवा ती मैत्रिणींशी फोनवर तावातावानं वाद घालत होती, की आजवरचं सगळ्यात भारी मशीन कोणतं. मी शेजारी शेंगा सोलत होते. न राहवून म्हटलं, "टू-एटी-सिक्स." पलीकडच्या पोरी खदखदून हसल्या. सई म्हणाली, "आज्जी, त्यात धड गाणंसुद्धा वाजायचं नाही." मी म्हटलं, "नसेल वाजत. पण तुझी मोठी आज्जी लातुरात राहिली ती त्याच्यामुळं." खरं तर त्याच्यामुळं की आणखी कशामुळं, यावर मी अजून स्वतःशी भांडते. तेच भांडण कागदावर काढावं म्हणून लिहायला बसले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अक्का शाळेत शिक्षिका. माझे मिस्टर तेव्हा निलंग्याला पाटबंधारे खात्यात होते, शनिवारी एसटीनं यायचे आणि सोमवारी परत जायचे. लेकीच्या शाळेसाठी मी लातुरात अक्काच्या घरी, मागच्या खोलीत राहत होते. दाजींनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि मला मास्तरीण नेमलं. माझी लायकी म्हणाल तर नांदेडला केलेला तीन महिन्यांचा कोर्स. त्याचं सर्टिफिकेट मी प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतलं होतं आणि कुणी चहाला आलं की त्याची नजर जाईल अशा बेतानं ते टेकवून ठेवत असे. मी दाजींना दाजी म्हणायची, म्हणून क्लासची पोरंही दाजी म्हणू लागली. मग दूधवाला, मग पेपरवाला, शेवटी वरच्या मजल्यावर कोचिंग चालवणारे फिजिक्सचे सरसुद्धा. अक्का म्हणायची, "शैले, तुझ्या तोंडापायी मला भाऊबीजेला अर्ध्या लातूरला ओवाळावं लागंल."

क्लासात दोनच मशिनं होती. एक जुना टू-एटी-सिक्स, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. दुसरा नवाकोरा फोर-एटी-सिक्स, रंगीत. जुन्याच्या तोंडावर टर्बो नावाचं बटण होतं, दाबलं की वेग वाढायचा. माझी ठाम समजूत होती की ते सारखं दाबलेलं राहिलं तर मशीन धापा टाकतं. म्हणून दुपारच्या वेळी मी टर्बो बंद करायची आणि पोरांना बजावायची, की सध्या मशीनला विसावा आहे, हळू टाइप करा. हे मी इतक्या अधिकारानं सांगायची की पोरं वहीत उतरवून घ्यायची. फ्लॉप्यांना बुरशी लागू नये म्हणून त्यांच्या डब्यात मी कडुनिंबाचा पालाही घालून ठेवला होता, शालूंच्या ट्रंकेत घालतात तसा. एकदा ड्राइव्हच्या फटीतून दाजींनी चिमट्यानं एक पान बाहेर ओढलं. ते उजेडाकडं धरून पाहिलं. मग म्हणाले, "म्याडम, मशीनला चारा टाकलाव व्हय?" टर्बोचं प्रकरण कळलं तेव्हा मात्र हसले नाहीत. "राहू द्या," म्हणाले, "आमच्याकडंबी दुपारचं औत सोडतेत."

खरेदी हैदराबादची. फोर-एटी-सिक्स आणायला आम्ही तिघं गेलो होतो, अक्का बांगड्यांसाठी आणि मी रंग निवडायला. कलर मॉनिटर म्हणजे त्याचा रंग आपण निवडायचा असतो असा माझा समज होता, आणि प्रवासात मी अक्काशी मेंदी रंगावर एकमतही करून ठेवलं होतं. दुकानदारानं भाव सांगितला. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं बोलायचं नाही, बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. त्या भल्या माणसाला वाटलं, पाहुणे नाडी बघतायत. हात ढिला सोडून तो म्हणाला, "क्या अप्पा, बुखार है क्या मेरेकू?" दाजी शांतपणे म्हणाले, "बुखार तुमारे भाव को है." सौदा पटला. पुढच्या खेपेपासून दाजी दुकानात शिरले की तो स्वतःच हात पुढं करायचा आणि नोकराला सांगायचा, टॉवेल घेऊन ये.

संध्याकाळी गेटाशी चहाच्या गाड्यावर दाजी आणि फिजिक्सचे सर यांची रोजची लढाई असे. सर नगरकडचे, बोलणं स्वच्छ, शर्ट खोचलेला. ते म्हणायचे, "दाजी, विज्ञान म्हणजे वेग. फोर-एटी-सिक्स आल्यावर तो जुना कशाला सांभाळता?" दाजी म्हणायचे, "वेग कुणाला पायजे सर? पोरगं एका बोटानं अक्षर शोधायलंय. त्याला सापडस्तोवर मशीननं थांबलं पायजे का न्हाई?" जुन्याचा कीबोर्ड पाट्यासारखा जड होता, दर अक्षराला कट्ट वाजायचा. नव्याचा पापडासारखा हलका. दाजींचं म्हणणं, "दाबलं की बोटाला उत्तर आलं पायजे. ह्यो नवा म्हंजी भिंतीसंगं बोलल्यावानी." वाद घालताना दाजी एका जागी उभे राहत नसत. कप हातात घेऊन गेटापासून विजेच्या खांबापर्यंत येरझारा, त्यामुळं सरांना वाक्याचा पहिला अर्धा भाग गेटाशी आणि उरलेला खांबाशी सांगावा लागे. मी अर्थातच सरांच्या बाजूनं. मला वेगातलं काही कळत होतं असं नाही. मला रंग आवडायचे.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलं होतं. लातुरात आमची घरं हलली, भिंतींना तडे गेले, पण उभी राहिली. किल्लारीकडं काय झालं ते सकाळी रेडिओवरून आणि मग तिकडून येणाऱ्या ट्रॅक्टरांवरून कळलं. अक्काची शाळेतली मैत्रीण सुमन त्या भागात माहेरी गेली होती. घर दगडमातीचं. अक्का आणि दाजी तिकडं जाऊन आले. काय पाहिलं ते दोघांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. माझी जीभ सगळीकडं पोचते, तिथं पोचत नाही.

तिथून परतल्यापासून अक्का स्लॅबखाली गेली नाही. सुरुवातीला सगळं लातूरच बाहेर झोपत होतं. हळूहळू लोक डासांना आणि पावसाला कंटाळून आत गेले. अक्काची बाज चिंचेखालीच राहिली. चूल अंगणात, पाटा अंगणात, शाळेतही तिचा वर्ग झाडाखाली. बारीकसारीक धक्के चालूच होते. कुठं ताट जरी वाजलं तरी ती उठून बसायची, आणि एकदा उठली की पुन्हा आडवी होत नसे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. एके दिवशी भाकरी थापता थापता ती दाजींना म्हणाली, "मी दिवाळीपर्यंत बघते. न्हाई झोप लागली तर मी नांदेडला आईकडं चालले. बदलीचा अर्ज लिवून ठेवलाय. तुमी यायचं तर या."

"आन माझा क्लास?" दाजी म्हणाले.

"तुमचा क्लास तुमच्यापाशी."

तव्यावरची भाकरी करपली तरी दोघं तिच्याकडंच बघत राहिले.

जायला वाट मोकळी होती, हीच दाजींची अडचण होती. भूकंपानंतर कोचिंग थंडावेल असं वाटलं होतं, झालं उलटंच. नांदेड, परभणी, बीडकडची पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन परत आली आणि आणखी भावंडांनाही घेऊन आली. वरच्या सरांना जागा पुरेना. ते म्हणाले, "दाजी, तुम्ही नांदेडला गेलात तर खालची खोली मी घेतो. एक बॅच सहज बसेल." दाजींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बैलांचा धंदा सोडून हा पोरगा टीव्हीसमोर बसतो, असं त्यांच्या गावात बोललं जायचं. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी ती एक खोली उभी केली होती. ती सोडली तर नांदेडला ते नुसते जावई उरणार होते.

दोन दिवस दाजी गेट ते खांब, खांब ते गेट करत राहिले. मग गवंड्याकडून पितळेचा ओळंबा मागून आणला. तो तारेनं पुढच्या खोलीच्या छताला टांगला आणि त्याच्या भोवती, त्याला शिवणार नाही असं, पडद्याचं पितळी कडं बसवलं. त्या जड कीबोर्डचं पोट उघडून स्पेसबारच्या दोन वायरी बाहेर काढल्या. एक तारेला जोडली, एक कड्याला. जमीन हलली की ओळंबा झुलणार आणि कड्याला टेकणार. टेकला की मशीनला वाटणार, कुणीतरी स्पेसबार दाबला. आणि मशीननं एकच काम करायचं, भोंगा वाजवायचा. भोंगा म्हणजे कॅबिनेटमधला छोटा स्पीकर, किरकिऱ्या पोरासारखा आवाज. दाजींनी त्याची वायर लांबवून तो खिडकीत आणून ठेवला, अक्काच्या बाजेच्या दिशेनं तोंड करून.

हे काम दाजींनी टू-एटी-सिक्सला दिलं तेव्हा मी भांडले. म्हटलं, "दाजी, भूकंप किती वेगानं येतो. त्याला फोर-एटी-सिक्सच पाहिजे. हा म्हातारा त्याच्या मागं कधी पळणार?" शिवाय असंही सुचवलं, की रंगीत पडदा आहेच तर भूकंप आला की तो लाल करता येईल. दाजी म्हणाले, "शैलाबाई, पिकाच्या राखणीला म्हातारा माणूस बसवतेत. त्याला झोप कमी असती, आन दुसरं काम नसतंय." सरांचा मुद्दा माझ्यापेक्षा शहाणा होता. ते म्हणाले, "दाजी, पण हे धक्का बसल्यावर वाजेल, आधी नाही. मग उपयोग काय?" दाजींनी अंगणाकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "सर, मला भूकंप न्हाई धरायचा. मला हिला झोपवायचंय."

भोंगा पहिल्यांदा वाजला तो भर दुपारी. वरची बॅच सुटली, पोरं जिन्यावरून धडाधड उतरली, घर थरथरलं आणि खिडकीतून ते किरकिरणं सुरू झालं. अक्का चहाचं पातेलं हातात धरून रस्त्यावर. उतरलेली पोरं परत घाबरून गेटाबाहेर. मी बाहेर आले तेव्हा माझ्या छातीशी सर्टिफिकेट होतं. लेकीच्या आधी मी ते उचललं, असं अक्का सगळ्यांना सांगते. लेक तेव्हा शाळेत होती, हे सांगत नाही.

सर खाली आले ते तापूनच. "दाजी, हे बंद करा. पालक लांबून पोरं पाठवतात. इथं रोज अशी पळापळ झाली तर कोण ठेवील?"

"सर, तुमची पोरं गुरं सुटल्यावानी उतरतेत म्हणून वाजतंय. उद्या बाकावार सोडा. तरी वाजलं तर मी बंद करतो."

सरांनी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी सोडलं तसंच. पहिला बाक खाली पोचला की दुसरा. ओळंबा जागचा हलला नाही. त्यानंतर लातुरात पोरांचा पूर आला, पण जिना असा उतरायला आमच्याच घरी शिकवलं, एवढा मान आम्ही घेतो.

बाकी राखण सोपी नव्हती. सिमेंटचा ट्रक गेला की वाजायचं. मांजर ओळंब्याशी खेळलं की वाजायचं. दाजी दर वेळी कडं थोडं मोठं करायचे, मग काळजी वाटली की पुन्हा लहान. वीज गेली की मशीन बंद, म्हणून ट्रकची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. घास हातात धरून ते खिडकीकडं कान देऊन बसायचे. अक्काची बाज मात्र चिंचेखालून सरकत ओसरीवर आली. ओसरीला पत्रा होता, स्लॅब नव्हता. तिथून खिडकीतला हिरवा उजेड दिसायचा. तिला झोप लागायची, तुटायची, पुन्हा लागायची. पण उंबरठा तिनं ओलांडला नाही. दसऱ्याला दोन्ही मशिनांची पूजा झाली तेव्हाही तिनं ओसरीवरून खिडकीत हात घातला आणि मॉनिटरच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. पूजेचं ताट मी आत नेलं. दाजी तिच्या बोटांकडं बघत होते. अर्ज तिच्या शाळेच्या पिशवीत तसाच होता आणि दिवाळी जवळ आली होती.

दिवाळीच्या तोंडावरची दुपार. आम्ही दोघी ओसरीवर करंज्या करत होतो. वीज सकाळीच गेलेली. ट्रकची बॅटरीही उतरली होती, म्हणून दाजी आत झाकण काढून बसले होते. एकदम फडताळातले डबे वाजले आणि बसल्या जागी जमीन सरकली. हा ट्रक नव्हता. भोंग्यातून हूं नाही की चूं नाही. मी अंगणात पोचले तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. भूकंपाला मारायला आणलं होतंस का, असं माझी लेक अजून विचारते. जिन्यावरून पोरं बाकावार उतरत होती, रडवेली, पण रांगेत. दाजी काही बाहेर आले नाहीत. मी हाक मारली. आतून आवाज आला, "आलो, एक स्क्रू राहिलाय."

अक्कानं ओचा खोचला आणि आत गेली.

ती बाहेर आली ती दाजींना सदऱ्याच्या गळ्याला धरून. दाजींच्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. तोवर जमीन थांबलीही होती. "घर डोक्यावर यायलंय," अक्का म्हणाली, तिचा आवाज फाटला होता, "आन तुमी स्क्रू शोधायलाव?"

"आगं, बॅटरी उतरली. भोंगा बंद होता. तुला कळणार कसं म्हणून..."

"मला कळलं. तुमाला न्हाई कळलं."

दाजींनी ओसरीकडं पाहिलं. ओसरीवर पिठाची परात उलटली होती आणि त्या पिठावरून अक्काची पावलं सरळ उंबरठ्याच्या आत गेलेली दिसत होती. तिनंही ती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पदरानं दाजींच्या खांद्यावरचं पीठ झटकलं. तिचेच हात लागले होते.

त्याच संध्याकाळी तिनं बाज उचलून आतल्या खोलीत नेली. दाजी दारात उभे राहून म्हणाले, "आत? कामून?"

"मग ह्या माणसाला भोंग्याच्या भरवशावर एकटं सोडू? ह्याला कान न्हाईत. ह्याच्यापाशी कुणी तर पायजे."

बदलीचा अर्ज तिनं कुठं टाकला ते मी पाहिलं नाही, पण नांदेडचं नाव पुन्हा निघालं नाही. चहाच्या गाड्यावर दाजी पहिल्यांदाच हार मानल्यासारखे बोलले, "सर, म्हातारा ऐन वख्ताला चुकला." आणि सर, ज्यांना तो म्हातारा कधी पटला नव्हता, ते म्हणाले, "बॅटरी चुकली, दाजी. मशीन नाही." आता तुम्हीच सांगा. अक्का राहिली ती मशीन इतके दिवस चाललं म्हणून, की त्या एका दुपारी बंद पडलं म्हणून? सईला विचारलं तर म्हणाली, आज्जी, याला प्रोसेसरचा वाद म्हणत नाहीत.

पुढं मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला घर केलं. लातूरला जाईन तेव्हा दाजींचं नवीन काहीतरी मत तयार असायचं. सीडी आली तेव्हा म्हणाले, "आता ताटलीत गाणं वाढायलेत." पेंटियमचं झाकण उघडून त्यावरचा पंखा पाहिला आणि काळजीत पडले, "पंख्याशिवाय ज्याला चैन न्हाई ते शेतात काय करंल?" सपाट मॉनिटर आले तेव्हा मागून जाऊन पाहिलं, बाकीचा भाग कुठं गेला म्हणून. लॅपटॉपवर त्यांचा सगळ्यात राग. "ह्याला पोटच न्हाई. दुखलं तर हात कुठं ठेवायचा?" टू-एटी-सिक्स कधी गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दाजींनी त्याचे अवयव एकेक करून दुसऱ्यांना लावून टाकले होते. गल्लीत घराघरावर मजले चढले, मजल्यामजल्यावर होस्टेलं झाली, आणि पुढच्या खोलीत क्लासच्या जागी पोरांची अभ्यासिका आली. दाजी तिच्या कोपऱ्यात एक टेबल राखून बसायचे, बसायचे म्हणजे दर पाच मिनिटांनी उठायचे. माझ्या घरी आले की माझ्या फ्रिजच्या मागं हात घालून बघायचे, मिक्सर उलटा करायचे. चहा पुढ्यात निवून जायचा. मी म्हणायची, दाजी, बसा हो जरा. ते म्हणायचे, "बसलोय की," आणि ते उभे असायचे.

दाजी लिंगैक्य झाले ते उन्हाळ्यात, चार दिवसांच्या आजारानं. शिवगणाराधनेच्या पंगती झाल्या, पाहुणे पांगले. लेकीनं गाडी आणली होती. मी अक्काची चार लुगडी माझ्याच बॅगेत भरून टाकली आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"चल नांदेडला. एवढ्या घरात एकटी काय करतीस?"

तिनं माझ्या बॅगेतून स्वतःची लुगडी काढून घेतली, एकेक, घडी न मोडता.

"अगं, त्या वेळी तर तूच जाते म्हणत होतीस."

"तवा भ्या वाटायचं."

"आणि आता नाही वाटत?"

"न्हाई," ती म्हणाली. "भ्या ह्यांच्यासाठी वाटायचं गं. सारखं वाटायचं, ह्यो माणूस आतच राहील." लुगडी तिनं मांडीवर सारखी केली. "आता कुणासाठी भ्यायचं?"

मी माझ्या बॅगेची चेन लावली. ती म्हणाली, "निघ आता. पोरं सुटली की गल्लीतून गाडी निघत न्हाई."

निघालो. पोरं सुटलीच होती, सायकली आणि पाठीवरच्या बॅगा, गाडी मुंगीच्या चालीनं चालली. कोपरा येईपर्यंत मी मागं वळून बघत होते. मला वाटलं होतं, अक्का गेटाशी उभी असेल. गेट उघडं होतं. ती आत गेली होती.